ताई, घरून काम करणारी माझ्या टीममधली पोरं गप्प का होत चाललीयत?

प्रश्न: ताई नमस्कार. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे, वय ३३. टीममधे आम्ही ११ जण होतो. सहा जण बाणेरच्या ऑफिसात आणि पाच जण आपापल्या घरून, कुडाळ, नांदेड, अकोला, कोल्हापूर आणि एक जण कोइमतूरला. मागच्या महिन्यात कुडाळच्या मुलीनं राजीनामा दिला. शेवटच्या कॉलवर म्हणाली, "दादा, कामाचा काही त्रास नव्हता, पण आठ महिन्यात मी टीममधे आहे असं कधी वाटलंच नाही." मी दर शुक्रवारी संध्याकाळी तंबोला ठेवतो, दिवाळीला सगळ्यांच्या घरी फराळ पाठवला, मीटिंगला कॅमेरा ऑन ठेवायचा नियम केलाय. आता नांदेडचा पोरगा पण गप्प गप्प असतो, म्यूटवरच. अजून काय करू? आणि मला अरेतुरेच करा.

उत्तर:

अरे, तिचं ते वाक्य तुझ्या डोक्यातून गेलं नाही आणि तू ते मला लिहून पाठवलंस, याचं मला खरंच बरं वाटलं, कारण बऱ्याच ठिकाणी "दुसरीकडे जास्त पॅकेज मिळालं असेल" म्हणून विषय तिथंच मिटवतात.

पण तुझं पत्र मी दोनतीनदा वाचलं आणि एक गोष्ट खटकली. तू त्यांच्यासाठी काय काय केलंस ते सगळं आहे त्यात, तंबोला, फराळ, कॅमेरा. पण ती मुलगी टीममधे नेमकं काय करायची, कोण तिला काय विचारायचं, ती नसती तर कुणाचं काय अडलं असतं, याची एक ओळही नाही. मला वाटतं तिला नेमकं हेच म्हणायचं होतं.

तुम्ही ऑफिसातले सहा जण चार वाजता खाली टपरीवर जाता ना? तिथं कुणीतरी म्हणतं की ते रिपोर्टचं काम आपण पुढच्या रिलीजला ढकलू, दुसरा म्हणतो हो चालेल, आणि कटिंग संपेपर्यंत ते ठरून पण जातं. यात कुणाच्या मनात काही वाईट नसतं. पण तिकडे कुडाळला ती मुलगी दोन दिवस त्याच रिपोर्टवर मान मोडून बसलेली असते आणि तिला हे परवाच्या कॉलवर कळतं, ते पण ओघात, "अरे ते तर आपण काढलं ना" असं. असं चारपाच वेळा झालं की माणूस विचारायचंच सोडून देतो. मग तुम्ही म्हणता ती बोलत नाही.

मी हे जवळून बघितलंय. मार्च २०२० मधे लॉकडाऊन लागला तेव्हा मी एका कंपनीत एचआरला होते आणि साताऱ्याच्या घरून काम करायला लागले. पहिलं वर्ष कामाचे हाल झाले पण माणसं धरून होती, कारण सगळेच घरी होते, बाहेरचं असं कुणीच नव्हतं. खरा त्रास नंतर सुरू झाला, अर्धे लोक ऑफिसला परत गेले तेव्हा. मीटिंग रूममधे सातआठ जण, टेबलाच्या मधोमध एक माइक, तिकडे कुणीतरी काहीतरी बोलतं, सगळे हसतात, आणि मी साताऱ्यात स्क्रीनकडे बघत बसलेय की काय झालं नक्की. विचारलं तर "काही नाही गं, असंच". ते "काही नाही" फार लागायचं मला. तुझी टीम अशीच अर्धी इथं अर्धी तिथं आहे, आणि सगळेच घरी असण्यापेक्षा हे जास्त अवघड आहे हे आधी धरून चाल.

चीनमधे सीट्रिप नावाची मोठी ट्रॅव्हल कंपनी आहे, त्यांनी २०१० च्या शेवटी शांघायच्या कॉल सेंटरमधे हे नीट करून बघितलं होतं. स्वतःहून तयारी दाखवलेल्यांपैकी काही जणांना नऊ महिने आठवड्यातले चार दिवस घरून काम दिलं. काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. म्हणजे घरून काम होत नाही हे खोटंच. पण त्याच प्रयोगात दोन गोष्टी अजून दिसल्या. सारखंच काम केलेल्या दोघांत घरून करणाऱ्याला बढती मिळायची शक्यता कमी, आणि नंतर परत निवड करायला दिली तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी निवड बदलली, ऑफिसला परत येणारे सांगत होते की घरी एकटं वाटतं. काम छान चाललेलं असताना माणूस आतून तुटलेला असू शकतो, त्यामुळे डिलिव्हरी वेळेत येतेय म्हणजे सगळं ठीक आहे असं नांदेडच्या पोराबद्दल पण धरू नकोस.

आता करायचं काय ते सांगते. मीटिंगला एक जण जरी लॅपटॉपवरून असेल तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून यायचं, ऑफिसातल्या सहा जणांनी पण, हेडफोन लावून. सुरुवातीला सगळे कुरकुर करतील की शेजारी बसून कॉलवर काय बोलायचं, करू देत. आणि टपरीवर जे ठरेल ते वर आल्यावर ग्रुपवर दोन ओळीत टाकायचं, "असं असं बोलणं झालं, अजून फायनल नाही, तुम्हाला काय वाटतं" असं, आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं आहे रे, नाहीतर ते नुसतं कळवणं होतं. आणि ग्रुपवर लिहिताना कोइमतूरच्या माणसाचा विचार कर. तुमचं अर्धं बोलणं मराठीत होत असणार, मराठीत गप्पा मारायला काही हरकत नाही, पण कामाचं त्याला कळेल अशा भाषेत पाहिजे, नाहीतर तो रोज तेच भोगतोय जे मी साताऱ्यात भोगलं.

दुसरं म्हणजे कामाची वाटणी बघ. मला खात्रीनं वाटतं की घरून करणाऱ्यांना तू सुटं सुटं, एकट्यानं होणारं काम देत असशील, सोपं पडतं म्हणून. ते बंद कर. एक काम दोघांत दे, एक ऑफिसातला आणि एक बाहेरचा, आणि असं दे की एकमेकांना फोन केल्याशिवाय पुढे सरकणारच नाही. अकोला आणि बाणेर, कोल्हापूर आणि बाणेर, दर रिलीजला जोड्या बदल. रोज दोनदा फोन व्हायला लागले की मधेच कुणी सांगतं आज आईचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, कुणाकडे पाऊस नाही म्हणून वडील काळजीत आहेत. शुक्रवारी सहा वाजता सगळ्यांसमोर "आणि काय मग, सगळं बरं ना" विचारून हे बाहेर येत नाही.

कॅमेऱ्याचा नियम काढून टाक, आजच. कुणाच्या घरी एकच खोली असते, मागे भांड्यांचा आवाज, सासू आत-बाहेर करतेय, बाईमाणसाला तर घरात आहे म्हणजे मोकळीच आहे असं धरून चार कामं सांगतात, कोकणात पावसात लाइट जाते आणि मोबाइलच्या नेटवर कॅमेरा लावला की आवाजच तुटतो. ज्याला लावावासा वाटेल तो लावेल.

तंबोल्याचं त्यांनाच विचार, पण एकेकट्याला, कारण लीडनं सगळ्यांसमोर विचारलं की सगळे "मस्त असतं दादा" म्हणणार. त्या पैशात वर्षातून दोनदा बाहेरच्या चौघांनाही पुण्याला बोलाव, आणि रिसॉर्टवर न्यायला नको, रिलीजचं प्लॅनिंग असतं त्या आठवड्यात बोलाव. चार दिवस सगळ्यांच्यात बसू दे, वाद घालू दे, तुमच्या टपरीवर येऊ दे. एकदा तू स्वतः नांदेडला जाऊन ये, तुझ्यासोबत दुसरा कुणी येत असेल तर अजून चांगलं.

अप्रेझलच्या वेळी यादी समोर घेऊन एक बघ, वर कुणाची नावं आहेत आणि ती फक्त बाणेरची आहेत का. असतील तर का, याचं उत्तर स्वतःला दे, कारण हे त्या चौघांच्या पगाराशी आहे आणि ते तिकडे बसून बरोबर हिशोब करतात.

नांदेडच्या पोराला उद्याच साधा फोन लाव, व्हिडिओ नको, कॅलेंडरला टाकू पण नको. तू गप्प का असतोस असं विचारू नकोस, त्याला ते खटकल्यासारखं वाटेल. कामात अडलेलं काहीतरी विचार, जे त्याला तुझ्यापेक्षा चांगलं येतं, तसं काहीतरी असणारच. तो सांगेल तसं कर आणि दुसऱ्या दिवशी टीमच्या कॉलवर सांग की हे त्यानं सोडवलं. मग दर आठवड्याला अर्धा तास त्याचा, घरून करणाऱ्या बाकी तिघांचा पण, आणि त्या वेळात स्टेटस विचारायचं नाही.

आणि कुडाळच्या मुलीला एक मेसेज टाक. परत ये म्हणून नको, तिनं विचार करूनच सोडलं असेल. तिच्या बोलण्यावरून तू टीममधे काय बदललंस एवढंच लिही, दोन महिन्यांनी, खरंच बदललं असेल तर.

तुझी ताई