पेपरची घाई करू नकोस

अरे, प्रयोगशाळेतल्या शोधावर कंपनी काढायची आहे ना, मग संशोधनाचा पेपर पाठवायच्या आधी संस्थेच्या पेटंट कक्षात जाऊन ये. परिषदेतलं साधं पोस्टरसुद्धा पेटंटवर पाणी फिरवू शकतं, कारण जाहीर झालेला शोध नवा धरत नाहीत. भारतात थोडी सवलत आहे, युरोपात ती चालत नाही. आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज टाक. पूर्ण तपशील द्यायला 12 महिने मिळतात, तेवढ्यात गिऱ्हाईक शोध.

पेटंट बहुधा संस्थेच्याच नावावर राहतं, कंपनीला परवाना घ्यावा लागतो. रॉयल्टीवर, म्हणजे विक्रीतल्या संस्थेच्या वाट्यावर, घासाघीस नंतर. परवाना फक्त आपल्यालाच की आणखी कुणाला, हे आधी विचार. गाईडचा हिस्साही आत्ताच लेखी ठरव, पुढे जीभ रेटत नाही.

नव्या कंपन्यांना हात देणारी केंद्रं असतात: पुण्यात असशील तर एनसीएलचं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं) व्हेंचर सेंटर गाठ, मुंबईत आयआयटीचं साईन. ड्रोनवाली आयडियाफोर्ज तिथलीच. आणि हो, प्रयोगाची वही तारीख टाकून लिही. सुटे कागद नकोत!