हार्नेस एका कंपनीचा, लॅनयार्ड दुसऱ्या कंपनीचा: जोडणी कशी तपासावी?

भाऊ, आपण विचारले आहे की जळगाव एमआयडीसीतील डाळ मिलच्या शेडचे पत्रे बदलायचे आहेत, हार्नेस (अंगावर घालायचे सुरक्षा-पट्टे) एका कंपनीचे आणि लॅनयार्ड (हार्नेसला वरच्या आधाराशी जोडणारी, टोकाला हुक असलेली दोरी किंवा पट्टा) दुसऱ्या कंपनीचे मिळाले आहेत, हुक रिंगमध्ये शिरतो आणि 'कट्' असा आवाजही येतो, तर हा संच वापरावा का. भुसावळ, जळगाव आणि धुळे परिसरात उंचीवरच्या कामांवर देखरेख करताना हाच प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कंपन्या वेगळ्या आहेत एवढ्यावरून संच बाद होत नाही. मात्र आवाज आला म्हणजे जोडणी सुरक्षित झाली, हे मी मानत नाही. हुकचे गेट, म्हणजे तोंडावरची झडप, बंद झाले एवढेच तो आवाज सांगतो. माणूस घसरल्यावर हुक रिंगमध्ये कसा फिरेल आणि ओढा हुकच्या कण्यावर येईल की गेटवर, हे त्यातून कळत नाही.

आज संध्याकाळी टेबलावर एक प्रयोग करून पाहा. जुन्या धाटणीचा, केवळ स्प्रिंगवर बंद होणारा हुक आणि जाड सळईची लहान रिंग किंवा आयबोल्ट घ्या, हुक अडकवा आणि लॅनयार्ड किंचित सैल ठेवून मनगटाने पीळ द्या. लहान रिंगमध्ये हुकला मोकळे फिरायला जागा नसते, त्यामुळे तो आडवा होतो, रिंगची कड गेटवर बाहेरून दाबते, गेट आत जाते आणि हुक निसटतो. यालाच 'रोल-आउट' म्हणतात. एकदा धुळ्याकडच्या एका कामावर मी हे एका पोराच्या हातातच करून दाखवले. "आवाज उना ना भाऊ!" असे तो म्हणत असतानाच हुक सुटून त्याच्या मांडीवर पडला, आणि त्यानंतर त्या टोळीला मला वेगळे समजावावे लागले नाही.

म्हणून पहिली अट अशी की, हुक आपोआप लॉक होणारा आणि उघडण्यासाठी किमान दोन वेगवेगळ्या हालचाली लागणारा हवा. अमेरिकेच्या नियमांनी बांधकामावर बिनलॉकचे हुक १ जानेवारी १९९८ पासून बंद केले. आपल्याकडच्या जुन्या साठ्यात मात्र ते अजून सापडतात. पण लॉक असले तरी गेटवर भार येऊ देऊ नये. गेटची ताकद हुकच्या अंगाइतकी नसते, आणि जुन्या हुकांत तर ती फारच कमी, साधारण १०० किलोच्या आसपास धरलेली असे. अमेरिकेच्या झेड ३५९ मानकाने २००७ मध्ये ती ३,६०० पौंड, म्हणजे सुमारे १६ किलोन्यूटन (अंदाजे १,६०० किलोचा ओढा) केली. आपल्या हुकवर कोरलेला आकडा भिंगाखाली वाचा. आकडा नसेल किंवा पुसला असेल, तर तो हुक बाजूला ठेवा.

जोडणीच्या काही पद्धती मी कामावर चालू देत नाही. एका डी-रिंगमध्ये (हार्नेसवरच्या डी आकाराच्या कडीत) दोन हुक घालू नयेत, कारण ते एकमेकांच्या गेटवर रेलतात. हुकला हुक अडकवू नये. दोन लॅनयार्ड जोडून लांबी वाढवू नये, कारण मोकळी घसरण वाढते आणि लॅनयार्डमधला, धक्का शोषणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर जेवढ्या धक्क्यासाठी बनवलेला असतो त्याहून मोठा धक्का बसतो. लॅनयार्ड पाइपला गुंडाळून त्याचाच हुक त्याच्याच पट्ट्यावर लावणे तर आपल्याकडे सर्रास चालते. परांचीचा पाइप ४८ मिलिमीटरचा आणि साध्या हुकचे तोंड त्याच्या निम्म्याहूनही लहान, म्हणून पोरे हा मार्ग काढतात. त्यासाठी मोठ्या तोंडाचा परांचीचा हुक किंवा अँकर स्लिंग (पाइपभोवती घालून त्यात हुक अडकवायचा पट्टा) मागवावी. मुद्दाम तसे बनवलेले लॅनयार्ड नसेल, तर गुंडाळणे बंद करावे.

दुहेरी, म्हणजे दोन फाटे आणि दोन हुक असलेल्या लॅनयार्डमध्ये एक चूक सहज नजरेतून सुटते. रिकामा हुक कमरेच्या किंवा बाजूच्या भार घेणाऱ्या रिंगमध्ये अडकवला, तर घसरणीचा ओढा शॉक अ‍ॅब्सॉर्बरला वगळून थेट हार्नेसवर येऊ शकतो. रिकामा हुक छातीवरच्या, जोर पडताच सुटणाऱ्या पट्टीतच ठेवावा.

आता आपल्या शेडविषयी. पर्लिनला (पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या पट्टीला) हुक लावू नका: तिची कड पट्टा कापते आणि ती अँकर, म्हणजे हुक अडकवायचा पक्का आधार, म्हणून पुरेशी भक्कम असेलच असे नाही. अँकर कैचीच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या) मुख्य भागावर, इंजिनिअरकडून तपासून घ्यावा; दर माणसामागे सुमारे २२ किलोन्यूटन, म्हणजे २,२०० किलोच्या ओढ्याचा आकडा धरतात. खालची जागाही मोजा. २ मीटरचे लॅनयार्ड, अ‍ॅब्सॉर्बरची जास्तीत जास्त १.७५ मीटर वाढ, पाठीच्या रिंगपासून पायापर्यंत सुमारे १.५ मीटर आणि १ मीटर राखीव, म्हणजे अँकरखाली ६.२५ मीटर मोकळी जागा लागते. आपली शेड त्याहून बुटकी असेल, तर हा संच निर्दोष असूनही माणूस जमिनीवर आदळेल; तेथे कमी लांबीचे, माणसाला कडेपर्यंत जाऊच न देणारे लॅनयार्ड किंवा स्वतः गुंडाळणारा ब्लॉक (दोरी आपोआप आत ओढणारे आणि झटका बसताच अडवणारे यंत्र) हवा. ब्लॉक घेतला, तर त्याच्या पुढे हे लॅनयार्ड जोडू नका.

आपल्या भागातली आणखी एक बाब म्हणजे धूळ. डाळ मिलच्या भुशाने आणि जिनिंगमधल्या रुईच्या तंतूंनी हुकची स्प्रिंग भरते आणि गेट अर्धवट उघडे राहते. रोज सकाळी गेट दहा वेळा उघडून सोडावे. ते स्वतःहून पूर्ण बंद होत नसेल, तर तो हुक त्या दिवशी वर जाऊ नये. पट्टे रात्रभर पत्र्यावर सोडू नका, दुसऱ्या दिवशीच्या उन्हात ते कडक होतात.

दोन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकात 'कोणत्या जोडणीसोबत वापरावे' हा मजकूर असतो. तो वाचून, शंका राहिल्यास दोघांकडून लेखी खुलासा मागा. आपल्या हार्नेसच्या पाठीच्या रिंगची जाडी, हुकच्या तोंडाचे माप, गेटवरचा आकडा आणि शेडची उंची कळवा, म्हणजे कोणता हुक योग्य ते मी नेमके सांगू शकेन.