आजोबांचं सोन्याचं ओमेगा घड्याळ बंद आहे. डायल नवी करून घ्यावी का? विकलं तर किती येतील?

तुमचं घड्याळ ओमेगाचं कॉन्स्टेलेशन मॉडेल आहे आणि डायलवर डाग पडलेत, एवढं तुम्ही लिहिलंय. डायलला हात लावू देऊ नका. रंगवलेली डायल जाणकाराला लगेच कळते. अक्षरं जाड होतात, मिनिटांच्या रेघा सरळ बसत नाहीत आणि भाव तिथंच पडतो.

आमच्या आबांचंही हेच घड्याळ. वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या काकांचा एकच हेका, "सोनं आहे, तोळ्यावर हिशोब करा." गुजरीत एका पेढीवर गेलो. सोनार म्हणाला, मशीन काढून आणा, मला नुसती बाहेरची सोन्याची केस तोलायचीय. मोडीचा भाव, वर घट. काका माना डोलावत होते. मी मागचं झाकण हातात घेतलं. बाहेर वेधशाळेचा घुमट आणि त्यावर आठ तारे. आत 18 कॅरेटचा शिक्का, बाईच्या चेहऱ्याचा, ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक. शेजारी जुन्या घड्याळजींनी सर्व्हिसिंगच्या वेळी टोकदार हत्यारानं कोरलेल्या खुणा. हे सगळं मुशीत जाणार होतं. वडिलांनी घड्याळ उचललं आणि काकांचा हिस्सा पदरचा दिला. काका अजून म्हणतात, धाकट्यानं भावनेपायी पैसे घातले.

भावनेचा संबंधच नाही. ते तारे शोभेचे नाहीत. जिनिव्हा आणि इंग्लंडमधल्या क्यू-टेडिंग्टन इथं घड्याळांच्या अचूकतेच्या परीक्षा व्हायच्या, त्यात ओमेगानं केलेल्या विक्रमांची ती खूण आहे. 1936 साली त्यांनी 100 पैकी 97.8 गुण मिळवले होते. लुई ब्रांटनं 1848 साली ला शो-द-फाँला धंदा मांडला, मुलांनी 1880 मध्ये तो बीलला नेला, आणि 1894 चं 'ओमेगा' नावाचं मशीन एवढं चाललं की 1903 मध्ये कंपनीनंच ते नाव घेतलं. 1952 साली कॉन्स्टेलेशन आलं ते क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूकतेच्या चाचणीत उतरल्याचं, प्रमाणपत्र घेऊन. यातलं काय काट्यावर चढतं, हे काकांनी सांगावं.

मात्र सोनेरी दिसणारं प्रत्येक कॉन्स्टेलेशन भरीव सोन्याचं नसतं. स्टीलवर सोन्याचा पत्रा चढवलेलीही पुष्कळ आहेत, त्यामुळे आधी झाकणाच्या आतला शिक्का बघा. फोटो न बघता मी आकडा सांगणार नाही. भरीव केस, मूळ डायल, मूळ चावी असेल तर मोडीच्या भावावर तडजोड करू नका. बंद मशीनला उगाच चावी देऊ नका, तेल वाळलेलं असतं, दातरे झिजतात. जुनी ऑटोमॅटिक उघडणाऱ्या कारागिराकडून ओव्हरहॉलिंग करून घ्या आणि केसला पॉलिश नको म्हणून आधीच बजावा.

घरात वाटणी व्हायची असेल तर जाणकाराकडून मशीनसकट किंमत कागदावर घ्या. त्या कागदाशिवाय सोनाराची पायरी चढू नका, घरातलं थोरलं माणूस कितीही घाई करू दे.