६ व्होल्टची जुनी गाडी १२ व्होल्टवर नेताना ओरिजिनल पार्ट ठेवता येतात का?

तुमची गाडी १९५० च्या आसपासची, मीटर, वायपर, हॉर्न सगळं मूळचं आणि ते काढून टाकायला जीव होत नाही असं लिहिलंय. मी स्वतः हे काम केलंय म्हणून सांगतो, बरंच काही ठेवता येतं, फक्त प्रत्येक पार्ट किती अँपिअर खातो आणि तो आकडा स्थिर राहतो की वरखाली होतो एवढं आधी बघा.

वायरिंगला हात लावायची गरज नाही, कारण तेवढ्याच वॅटला १२ वर करंट निम्मा होतो आणि ६ व्होल्टच्या वायरी आधीच जाड असतात. अर्थात वरचं कापड कडक होऊन तडकलं असेल तर बदलाच. अँमीटर (करंट दाखवणारा काटा) तसाच चालतो. बल्ब आणि इंडिकेटरचा फ्लॅशर मात्र १२ चेच लागतात.

सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, मूळचाच ठेवा. १२ वर तो जोरात फिरतो, त्यामुळे बेंडिक्स (सेल्फचं पुढे सरकणारं दातेरी चाक) फ्लायव्हीलच्या दात्यांवर आपटतो आणि मोटरही लवकर तापते, म्हणून दोन-चार सेकंदांच्या वर मारायचा नाही. पण सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा विजेवरचा स्विच) असेल तर तो बदला, दुप्पट व्होल्टेजला त्याची कॉइल चौपट तापते. पायाने दाबायचा स्विच असेल तर ती काळजीच नाही.

इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) मला १२ ची नवीन बसवणं बरं वाटलं. जुनीच ठेवायची असेल तर तिच्या प्रायमरीइतक्याच (बॅटरीकडच्या वाइंडिंगइतक्याच) ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे व्होल्टेज कमी करणारा रेझिस्टर, तिच्या आधी लावा. पॉइंट आणि कंडेन्सर तेच चालतात.

आता वायपर, इथे मी चुकलो होतो. ६ च्या बॅटरीवर ओल्या काचेवर मोजलं तर मोटर ४ अँपिअर घेत होती. चार्जिंग चालू असताना १२ ची सिस्टिम १४ च्या आसपास असते आणि ६ ची ७ च्या, म्हणजे ७ व्होल्ट खाली आणायचे, ७ भागिले ४ म्हणजे पावणेदोन ओहम, उष्णता २८ वॅट, म्हणून ५० वॅटचा रेझिस्टर पत्र्यावर घट्ट बसवला आणि पावसात झकास चाललं. मग पाऊस थांबला, काच सुकत आली आणि वायपर अर्ध्यातच अडकला! काच सुकली की मोटरला जास्त करंट लागतो, करंट वाढला की रेझिस्टरच जास्त व्होल्ट खातो, म्हणजे जेव्हा जोर हवा नेमका तेव्हाच मोटरला कमी मिळतं. शेवटी १० अँपिअरचा डीसी-डीसी कन्व्हर्टर (करंट कितीही बदलला तरी ठरलेलं व्होल्टेज देणारा डबा) लावला, ७ वर सेट केला, तेव्हा नीट झालं.

पेट्रोलच्या काट्याचंही तेच. रेझिस्टर लावून टाकी फुल असताना काटा बरोबर जुळवला, पण फ्लोट खाली जाईल तसा करंट बदलतो आणि काटा हळू उतरतो. टाकी जवळजवळ रिकामी आणि काटा पावावर, अशी रस्त्यात गाडी बंद पडली माझी. मीटरला वेगळा छोटा रेग्युलेटरच द्या. घड्याळ आणि व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर त्यांनाही कन्व्हर्टरच. दोन हॉर्न असले तरी ते सिरीजमध्ये जोडू नका, प्रत्येकाच्या आतला पॉइंट सर्किट सतत तोडतो-जोडतो, त्यामुळे ते एकमेकांना अडवतात.

डायनॅमोची (बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या जनित्राची) बॉडी मूळचीच दिसायला हवी असेल तर आतलं वाइंडिंग १२ चं करून घ्या आणि कटआउट-रेग्युलेटरही १२ चा घ्या. त्याऐवजी अल्टरनेटर लावणार असाल तर आधी बघा, बॉडीला पॉझिटिव्ह जोडलंय का. जुन्या ब्रिटिश गाड्यांत असतं. अल्टरनेटर सहसा निगेटिव्ह अर्थचाच, म्हणजे बॉडीला निगेटिव्ह जोडायचा असतो, त्यामुळे पोलॅरिटी उलटवताना अँमीटर आणि कॉइलच्या वायरी अदलाबदल करा. वायपरच्या, चुंबकाऐवजी वाइंडिंग असलेल्या मोटरी त्याने उलट्या फिरत नाहीत. कन्व्हर्टर मात्र पोलॅरिटी नक्की करूनच घ्या, उलटा लागला तर तो लगेच जातो.