ढोलाच्या गावात ड्रमरविना

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. ड्रमरला पुण्यात नोकरी लागली, दुसरा मिळत नाहीये, आणि आता मिळाला तरी घ्यायचा नाही असं तुम्ही तिघांनी ठरवलंय. यातलं पहिलं-दुसरं रडगाणं मी नाशिकच्या प्रत्येक बँडकडून ऐकत आलोय. इथला ड्रमर डिग्री होईपर्यंतच आपला. तिसरं मात्र नवीन आहे, म्हणून फोनवर दोन शब्दांत न उरकता लिहायला बसलो.

टिंगल होणार हे धरून चाला. ज्या गावाचं नावच ढोलाला लागलंय, मिरवणुकीची सुपारी देताना महाराष्ट्रभर लोक 'नाशिक ढोल' मागतात, तिथली पोरं ड्रमरशिवाय हार्डकोर, म्हणजे वेगवान, ओरडून गायचं पंक, वाजवणार म्हटल्यावर 'पथकातले दोघं घ्या की' हे कुणीतरी म्हणणारच. सल्ला वाईट नाही, पण तुमच्या कामाचा नाही. पथकाच्या सरावाला एकदा जाऊन उभी राहा. ढोलाला एका अंगानं टिपरू, दुसऱ्या अंगानं हाताची थापी, आणि या सगळ्यांना पुढून ओढणारा ताशा. तिथली सगळी ताकद संख्येत असते. पन्नास ढोल एकाच मात्रेवर पडतात तेव्हा केसभर मागेपुढे पडतात, आणि त्या मागेपुढे पडण्यानंच आवाजाला ती जाडी येते, छातीत घुमतं ते त्यामुळे. दोन ढोल स्टेजवर उभे केलेत तर ना पथक होईल ना बँड.

आता मुद्द्याचं. ड्रमर नसणं वेगळं आणि ड्रमच नसणं वेगळं. तुझ्या मेसेजमध्ये तू या दोन्हींची सरमिसळ केली आहेस. आधी यातलं काय हवंय ते ठरवा.

ड्रमर नको पण ड्रम हवेत, या वाटेवर बरेच जण चालून गेलेत. शिकागोचा स्टीव्ह अल्बिनी. बिग ब्लॅक या त्याच्या बँडचं १९८२ सालचं पहिलं रेकॉर्ड त्यानं जवळपास एकट्यानं केलं, ड्रम मशीन, म्हणजे ड्रमचे ठोके वाजवणारं यंत्र, लावून. पुढे माणसं आली, बँड उभा राहिला, तरी मशीन हटलं नाही. रेकॉर्डवर वादकांच्या नावांत 'रोलंड' असं मशीनचंही नाव, कारण ते मशीन रोलंड कंपनीचं होतं. त्या टीआर-६०६ मॉडेलचा आवाज म्हणजे पत्र्याचा डबा. त्यानं तो लपवला नाही, उलट गिटारही तशीच धातूसारखी, दातांवर येणारी केली. सगळा बँड मशीनच्या बाजूनं वाकवला. तिकडे लीड्सच्या सिस्टर्स ऑफ मर्सीनं आपल्या मशीनचं बारसंच केलं, डॉक्टर अ‍ॅव्हलांश. बर्लिनच्या अटारी टीनेज रायटनं १९९२पासून ब्रेकबीटचे, म्हणजे गाण्यांतून कापलेल्या ड्रमच्या ठेक्यांचे, तुकडे आणि हार्डकोरची आरडाओरड एकत्र कोंबली.

पण तुझ्यासाठी सगळ्यात कामाचा माणूस बर्मिंगहॅमचा जस्टिन ब्रॉडरिक. नेपाम डेथ या अतिवेगवान बँडच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या बाजूवर गिटार त्याची आहे. तिथे ड्रमवर मिक हॅरिस होता, अति वेगानं सलग पडणाऱ्या थापांना ब्लास्ट बीट हे नाव रूढ केलं ते त्यानं. म्हणजे माणूस किती जोरात पळू शकतो हे ब्रॉडरिकनं शेजारी उभं राहून पाहिलं होतं. शिवाय तो स्वतः हेड ऑफ डेव्हिड या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. अशा माणसानं १९८८मध्ये बासवाला जी. सी. ग्रीन याच्याबरोबर गॉडफ्लेश उभा केला आणि ड्रमच्या जागी मशीन ठेवलं. नाइलाज नव्हता. माणसाची चारशेवी थाप पहिलीसारखी पडत नाही, मशीनची पडते. त्यानं मशीनला धावायला लावलं नाही, संथ ठेवलं, आणि त्या न थकणाऱ्या सारखेपणातून वजन काढलं. अमेरिकेतला अ‍ॅगोराफोबिक नोजब्लीड बरोबर उलट गेला, माणसाच्या हाताला न झेपणारा वेग मशीनकडून काढून घेतला. हिशोब करून बघ: ३०० बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला ३०० मात्रा धरून, मात्रेला चार थापा टाकल्यास तर सेकंदाला वीस होतात. साधारण तिथून पुढे कान थापा मोजणं सोडून देतो, त्यांचा एकच घरघरता सूर ऐकू यायला लागतो. ड्रमचा सूर होणं ही चीज कुठलाच ड्रमर तुम्हाला देऊ शकला नसता.

म्हणून सॉफ्टवेअरमधल्या 'ह्युमनाइझ' बटणाला हात लावू नका. मशीनला माणसाचं सोंग देऊन ऐकणाऱ्याला फसवायचं असेल तर सरळ ड्रमर शोधा, पंचवटीपासून सिडकोपर्यंत एखादा सापडेल. मशीन आहे तर मशीनसारखं वाजू दे.

आता दुसरी वाट, जिच्याकडे तुझा ओढा आहे असं मला वाटतं. ड्रमच नाहीत. तू विचारलंस, मग लय कोण धरणार? पोरी, तू लहानपणी पाच-सहा वर्षं गाणं शिकलीस, आणि हा प्रश्न मला विचारतेस! ध्रुपदाचा नोमतोम आलाप आठव. पखवाज बाजूला गप्प बसलेला असतो आणि तरी जोडात, म्हणजे आलापाच्या लय धरलेल्या भागात, ठोका लागतो, पुढे वेग वाढतो, ऐकणाऱ्याची मान हलायला लागते. तो ठोका गळ्यात असतो.

त्याहून उपयोगी म्हणजे लेहरा. एकल तबलावादनात पेटीवाला किंवा सारंगीवाला काय करतो? आवर्तनाएवढी एकच ओळ, तीनतालात सोळा मात्रांची, न कंटाळता वाजवत राहतो. लय सांभाळायचं काम त्याचं. तबला मोकळा सुटतो, कायदा करतो, रेला करतो, तिहाई घेऊन, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. म्हणजे आपल्याकडे सूर घड्याळ झाला आणि तालवाद्य उनाडायला मोकळं, अशी सोय आधीपासून आहे. रॉकमध्ये बरोबर याच्या उलट असतं. तुमच्या बासवाल्याला लेहऱ्यावर बसवा. सोळा मात्रांची एक ओळ, १८० बीपीएमला ती साधारण सव्वापाच सेकंदांत फिरते. ती घासून घासून अशी बसली पाहिजे की बाकीचे दोघं काहीही करोत, तो हलणार नाही. मग तुझी गिटार, तुझा आवाज आणि तुमच्या तिसऱ्याची ती वायरींची पेटी, हे सगळं तबल्याच्या जागी. मशीन हवंच असेल तर तेही तबल्याच्याच जागी: एक आवर्तन गप्प, दुसऱ्यात अर्ध्यावरून तुटून पडलं, समेला पुन्हा गप्प.

याचा सराव कसा करायचा ते सांगतो. मेट्रोनोमचा ठोका प्रत्येक मात्रेला ठेवू नका. सोळा मात्रांतून एकदा, फक्त समेला, एवढाच ठेवा. मधल्या पंधरा मात्रा बासवाल्याच्या अंगात. सुरुवातीला तो प्रत्येक वेळी आधी पोचेल, कारण मधे काही ऐकू येत नसलं की सगळेच घाई करतात. त्याचा उजवा हात बघ. तारेवरून उठल्यावर हात हवेत किती वर जातो आणि तिथे किती थांबतो, लय तिथे मोजली जाते. हात प्रत्येक वेळी सारखाच वर गेला तर थाप वेळेवर पडते. डोकं हलवून काही होत नाही, मनगट बघ.

आणि तिहाई सोडू नका. हार्डकोरच्या गर्दीला ब्रेकडाउन, म्हणजे गाणं एकदम संथ आणि जड होतं तो भाग, कधी कोसळणार हे आधी कळावं लागतं, नाहीतर पोरं चुकीच्या क्षणी एकमेकांवर आदळतात. एरवी ते ड्रमरच्या वर गेलेल्या हातावरून कळतं. तुमच्याकडे तो हात नाही. मग तोच तुकडा तीनदा घ्या आणि तिसऱ्याचा शेवटचा घाव समेवर. आपल्याकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, ज्यानं आयुष्यात एकही मैफल ऐकली नाही त्यालाही तिसऱ्या वेळेला कळतं की आता पडणार.

ठोक्याचा आवाज कुठून आणायचा हेही विचारलं होतंस. सॅम्पलच्या, म्हणजे आयत्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या, पॅकवर पैसे घालवू नका. तुम्ही सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या सावलीत राहता. एखाद्या ओळखीच्या गाळ्यात परवानगी काढून पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसजवळ उभी राहा, कानात बोळे घालून. आधी फ्लायव्हीलची घूं, मग क्लच लागल्याचा छोटा खटका, मग घाव, आणि घावानंतर कापलेला तुकडा पेटीत पडल्याची किणकिण. हे सगळं एकाच ठोक्यात. आणि बघ, प्रेस सारखीच पडते पण पत्रा सरकवणारा माणूस सारखा नसतो, त्यामुळे दोन घावांमधलं अंतर किंचित हलतं. हे फोनवर नको, रेकॉर्डरवर घे, लेव्हल खाली ठेवून. घाव फाटला तर काही उरत नाही. स्टेजवर प्रत्यक्ष काही बडवायचं असेल तर भंगारातून जाड पत्रा आणा, त्याला मागून पिएझोची, म्हणजे थरथरीचा विजेचा सिग्नल करणारी, चकती चिकटवा. चकती चहा-वड्याच्या पैशात येते. फक्त ती थेट मिक्सरला लावू नका, आवाज चिरका आणि पोकळ येईल. तिला खूप जास्त इम्पीडन्सचं (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं) इनपुट लागतं, मेगाओहमच्या घरातलं, म्हणून मध्ये प्रीअँप किंवा चांगला अ‍ॅक्टिव्ह डीआय (वाद्य आणि मिक्सर जुळवणारी डबी) हवा. बर्लिनच्या आइनश्टुर्झेंडे नॉयबाउटेननं १९८०पासून लोखंड आणि भंगारावर आख्खं संगीत उभं केलंय, तेव्हा 'हे काय वाद्य आहे का' म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

स्टेजबद्दल थोडक्यात. लॅपटॉपवर पूर्ण गाणं लावून त्याच्यामागे वाजवणं मला पटत नाही. तार तुटली, माईक पडला, गर्दी पेटली आणि ब्रेकडाउन अजून चार आवर्तनं ओढावंसं वाटलं, तरी ते गाणं आपलं पुढे पळत राहतं. दोन-चार मात्रांचे तुकडे सॅम्पलरच्या पॅडवर ठेवा आणि पायानं किंवा बोटानं सोडा. म्हणजे गाण्याची लगाम तुमच्याकडे. दुसरं, मॉनिटर, म्हणजे वादकाला ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, बासवाल्याच्या पायाशीच. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवरच्या स्पीकरमधून ठोका त्याच्यापर्यंत पोचायला तीस मिलिसेकंद जवळपास गेलीच. २०० बीपीएमला मात्रेचा चौथा भाग ७५ मिलिसेकंदांचा असतो. लांबच्या स्पीकरवर विसंबून वाजवलं तर वाट लागलीच म्हणून समज. आणि ड्रमकिट नाही म्हणून मागे रिकामी जागा सोडून पुढे ओळीत उभे राहू नका, वाटतं की कुणीतरी यायचं राहिलंय. बासचा अँप मधोमध आणा, तिघं त्याच्याभोवती.

आता जे तुम्ही मोजलेलं नाही ते. ड्रमकिट गेलं की झांजाही गेल्या, आणि झांजांचा तो कल्ला आवाजाचा वरचा सगळा पट्टा खाऊन टाकत असतो. नेमक्या त्याच पट्ट्यात स, श, च यांची धार असते. हार्डकोरच्या गायकाचे शब्द कळत नाहीत याचं निम्मं कारण गायकाच्या मागे बसलेलं असतं. ते कारण तुमच्याकडून उठून गेलं. तुझा प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेत पोचणार आहे. मी तुझी पाठवलेली गाणी पुन्हा वाचली, आणि खरं सांगू? अर्धी गाणी न कळण्याच्या भरवशावर लिहिलेली आहेत. 'सिस्टीम', 'साखळ्या', 'तोडून टाका' हे कुठल्याही गावातल्या कुठल्याही बँडचं आहे. ज्या एका गाण्यात कंत्राटी कामगाराचा गेटपास दर महिन्याला नवा करावा लागतो एवढंच आहे, तेवढं ठेव, आणि बाकीची त्याच्या तोलाची होईपर्यंत पुन्हा लिही. त्या गाण्यात तू ओरडण्याआधी एक ओळ साध्या बोलण्यात म्हणतेस. तिथे मागे काहीही वाजवू नका, बाससुद्धा नको.

घरच्यांची आणि सोसायटीची काळजी तुमची अर्धी मिटली आहे. ड्रमकिट हळू वाजत नाही, तुझं ओरडणं सोडलं तर तुमचं सगळं वायरीतून जातं, त्यामुळे तिघं हेडफोन लावून फ्लॅटमध्येही बसू शकता. अँपवर वाजवायचं तेव्हा मात्र गाळाच बघा. निवासी भागात कायद्यानं दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, नुसत्या तावातावाच्या गप्पाही त्याच्या पुढे जातात. औद्योगिक भागात दिवसा ७५, रात्री ७०. आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद म्हणजे बंद, तिथे वाद घालू नका. कार्यक्रम संध्याकाळी सहाला ठेवा. तुमची गाणी दीड-दीड मिनिटाची, आठला सगळे घरी जेवायला. कॉलेज रोडच्या कॅफेंच्या मागे लागू नका, त्यांना ओळखीची गाणी आणि हळू आवाज हवा असतो, आणि त्यांचंही बरोबर आहे.

शनिवारी अंबडच्या गाळ्यावर मी चारनंतर आहे. तिघांनी एकदम येऊ नका. आधी बासवाल्याला एकट्याला पाठव, बास आणि त्याचा स्वतःचा जॅक घेऊन. सोळा मात्रांची ओळ त्यानं अजून केली नसेल तर नसू दे, तिथेच करू. तू सहाला ये, गाण्यांची वही घेऊन.

तुझा,
काका