राजकीय मतभेदात ख्रिस्ती माणसाने विरोधकावर प्रेम करायचं म्हणजे काय? आणि नीती कायद्याने लादावी का?

बायबलमध्ये मत्तय ५:४४ इथे येशूची आज्ञा सरळ आहे : वैऱ्यांवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा. त्यात पक्षाची अट नाही. प्रेम म्हणजे आपलं मत सोडणं नव्हे. पण विरोधकाचं वाईट झालं की मनातून सुखावणं हा द्वेषच, मग तो धर्माच्या नावाने का असेना.

बायबलमधल्याच योहान ८ मधला प्रसंग बघा. लोक एका बाईला व्यभिचारासाठी दगडांनी मारायला निघालेत, नियमशास्त्र (मोशेचा धर्मकायदा) त्यांच्या बाजूने आहे. येशू खाली वाकून जमिनीवर बोटाने लिहितो, आणि म्हणतो, तुमच्यात जो निष्पाप असेल त्याने पहिला दगड टाकावा. एकेक जण निघून जातो, आधी वडीलधारे. मग तो तिला 'पुन्हा पाप करू नकोस' असंही सांगतो. पापाला त्याने पापच म्हटलं, दगड मात्र पडू दिला नाही.

अमेरिकेत अनेक चर्चच्या पाठिंब्याने १९२० मध्ये दारूबंदी आली. चोरटा धंदा फोफावला, १९३३ मध्ये ती उठली. तरी कायद्याचा नीतीशी संबंधच नाही, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग म्हणत, कायदा कुणाला माझ्यावर प्रेम करायला लावू शकत नाही, पण झुंडीने माझा जीव घेणं रोखू शकतो. मला हीच रेघ पटते.

मी स्वतः कुणावर चिडलो की आधी त्याचं नाव घेऊन प्रार्थना करतो, मगच बोलतो.