आठ टक्के विकावेत का?

प्रश्न : मुलगा २४ वर्षांचा, बेसबॉलमधला डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा), सध्या ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर आहे. सप्टेंबरमध्ये मेजर लीगचं बोलावणं येईल असं कोच म्हणतात. एक कंपनी आत्ता ३ लाख डॉलर रोख देते आहे, बदल्यात मेजर लीगमधल्या त्याच्या सगळ्या कमाईचे ८ टक्के. वर गेलाच नाही तर छदामही परत मागणार नाहीत. क्रेडिट कार्डाचं १८ हजारांचं देणं आहे, हिवाळ्यातल्या ट्रेनिंगचा खर्च आहे, उरलेल्यातून पुण्यात बाणेरला फ्लॅट घ्यावा असं आम्हा दोघांच्या मनात आहे. सही करावी का? (एक वडील, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : फ्लॅटचं आधी सांगतो. तो तुमच्या पैशांतून घ्या. पोराच्या हातावर कर्ज काढून नको. आणि हे कर्जच आहे, फक्त हप्ता पुढे कधी आणि किती ते माहीत नाही.

आता हिशेब. ३ लाखाला ८ टक्के, म्हणजे मेजर लीगमध्ये त्याने साडेसदतीस लाख कमावले की बरोबरी. २०२६चा किमान पगार ७ लाख ८० हजार आहे. किमान पगारावर तीन वर्षं टिकला तर कंपनीला पावणेदोन लाखांच्या वर थोडंसं मिळेल, तिथे तुम्ही फायद्यात. पण मेजर लीगमधली सहा वर्षं सर्व्हिस भरून तो फ्री एजंट (कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा) झाला आणि चार कोटींचा करार मिळाला, तर त्या एका करारातले ३२ लाख त्यांचे. शिवाय टक्केवारी सहसा ढोबळ पगारावर असते. फेडरल कर, जिथे जिथे सामने होतील त्या राज्यांचे कर, एजंटचं कमिशन जाऊन निम्मे हातात आले, तर ८चे १६ होतात.

मेजर लीगमधल्या फर्नांडो टाटीस ज्युनियरने १८व्या वर्षी अशीच सही केली होती. २०२१मध्ये त्याला १४ वर्षांचा ३४ कोटींचा करार मिळाला आणि २०२५मध्ये तो त्या कंपनीविरुद्ध कोर्टात गेला. अर्थात असं नशीब हजारात एखाद्याचं, आणि कंपनीही त्याच एकावर जगते.

कंपनीच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे. पिचरचं कोपर कधी जाईल सांगता येत नाही. कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली की वर्ष-दीड वर्ष गेलंच. मेजर लीगच्या यादीत असताना दुखापत झाली तर पूर्ण पगार चालू राहतो, सर्व्हिसही मोजली जाते. ट्रिपल-एमध्ये झाली तर खालचाच पगार, जो २०२३च्या करारात वर्षाला किमान ३५,८०० ठरला. म्हणजे सगळ्यात मोठा धोका या मधल्या काही आठवड्यांचाच आहे. त्यात सप्टेंबरचं दार आता अरुंद आहे. पूर्वी ४० जणांपर्यंत संघ वाढायचा, २०२०पासून २६चे फक्त २८ होतात. कोचचा शब्द खरा असला तरी त्यावर घर बांधू नका.

पण बोलावणं आलं तर दिवसाला चार हजारांच्या वर. एका सप्टेंबरमध्ये ट्रिपल-एच्या तीन वर्षांची कमाई. ४३ दिवस भरले की पेन्शनचाही हक्क. राहण्याची सोय बहुतेकांना क्लबच करतो, त्यामुळे तुमच्या पत्रातली खरी गरज म्हणजे कार्ड आणि ट्रेनिंग, एवढीच. त्यांच्याच दराने एक टक्क्याचे साडेसदतीस हजार होतात. दोन्ही भागतं.

म्हणून माझं मत : आठ नाही, फार तर एक. तेवढ्यावर कंपनी तयार नसेल तर विकूच नका. कार्डाचं देणं तुम्ही फेडा, मुलाकडून साध्या कागदावर लिहून घ्या. तुमच्या ४०१(के)ला, म्हणजे निवृत्तीच्या बचतीला, मात्र हात नको.

एक टक्का विकलात तरी वकील कंपनीने सुचवलेला नको, खेळाडूंच्या युनियनला विचारून स्वतंत्र शोधा. कंपनीच्या वसुलीला कमाल मर्यादा आहे का, जपानमध्ये खेळला तर ती कमाई धरणार का, जाहिरातींची धरणार का, हे त्या वकिलाकडून लेखी घ्या. रोख रकमेवर कर कधी बसतो ते सीपीएला (अमेरिकेतल्या सनदी लेखापालाला) विचारा. 'शुक्रवारपर्यंतच' अशी घाई त्यांनी केली तर ती त्यांची गरज समजा.

आणि पत्र तुम्ही लिहिलंत, सही त्याची आहे. ट्रिपल-एला सोमवारी सुट्टी असते. या सोमवारी कराराची प्रत त्याच्यासमोर ठेवा आणि पुढचा प्रश्न त्यालाच लिहायला सांगा.